जाहिरातीतले मोफत वायफाय आणि हॉलमध्ये तुटणारे हॉटस्पॉट : सोलापुरातील एक प्रकरण

सोलापूर रेल्वे स्थानकाकडून सात रस्त्याकडे जाणाऱ्या भागातील एका मध्यम दर्जाच्या हॉटेलात जानेवारी महिन्यात, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, चार रात्री मुक्कामाला आलेल्या एका महिला ग्राहकाने वायफायच्या आकारणीबद्दल आणि स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटला आलेल्या अडथळ्याबद्दल तक्रार केली. ग्राहक मार्गदर्शनाचे काम करत असल्याने ती तक्रार माझ्याकडे आली. दोन्ही बाजूंची कागदपत्रे आणि यंत्रणेतील नोंदी पाहायला मिळाल्यामुळे ती सविस्तर मांडता येते. वादाचा एक भाग अद्याप मिटलेला नाही, म्हणून हॉटेल, कंत्राटदार आणि तक्रारदार यांची नावे येथे दिलेली नाहीत.

इंटरनेटचे पैसे घेण्याचा हॉटेलला अधिकार आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खोलीत चहाची किटली ठेवावी की नाही, सकाळचा नाश्ता भाड्यात धरावा की नाही, हे जसे मालक ठरवतो तसेच हेही त्याने ठरवावे. या प्रकरणात तपासायचे आहे ते इतकेच की, खोली ठरवताना ग्राहकाला काय सांगितले गेले होते, आणि हॉटेलची सेवा विकत न घेता स्वतःच्या साधनांवर काम करू पाहणाऱ्या माणसाची वाट कोणी अडवली का.

तक्रारदार पुण्यात स्वतंत्रपणे शालेय गणवेशांची रेखाटने करून देण्याचा व्यवसाय करतात. चादरी आणि टॉवेलांसाठी ओळखले जाणारे सोलापूर गेल्या काही वर्षांत तयार गणवेशांसाठीही देशभर ओळखले जाऊ लागले आहे, आणि जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचे नमुने पक्के करण्याचे काम हिवाळ्यातच चालते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याने शाळांच्या प्रतिनिधींना आणि विक्रेत्यांना नमुने दाखवण्यासाठी याच हॉटेलचा तळमजल्यावरचा हॉल एका दिवसासाठी घेतला होता. तक्रारदारांनी आपली खोली मात्र स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या नावाने, एका आरक्षण संकेतस्थळावरून घेतली होती. कोणाचे बिल कोणाच्या नावावर होते, ही बाब पुढे कायद्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची ठरली.

संकेतस्थळावरील हॉटेलच्या पानावर सोयींच्या यादीत ‘मोफत वायफाय’ एवढेच शब्द होते. त्याला कोणतीही अट जोडलेली नव्हती. तक्रारदारांनी ते पान आरक्षणाच्या वेळीच जतन करून ठेवले होते, आणि या प्रकरणातील सर्वांत उपयोगी पुरावा तोच ठरला. चेक-इन झाल्यावर खोलीत मोबाईल जोडताना प्रथम नाव आणि मोबाईल क्रमांक भरण्याचे पान आले, ओटीपी आला, आणि त्यानंतर उघडलेल्या पानावर दर दिसले. चोवीस तासांत एका उपकरणाला एक तास मोफत आणि त्यापुढे प्रत्येक उपकरणास दर दिवशी १४९ रुपये, असे ते दर होते. हॉलसाठी दहा उपकरणांपर्यंत दिवसाला ४,००० रुपये असा वेगळा दर होता. हे दरपत्रक हॉटेलच्या काउंटरवर, खोलीतील माहितीपुस्तिकेत किंवा आरक्षणाच्या पावतीवर कोठेही नव्हते. रिसेप्शनवर विचारणा केल्यावर उत्तर मिळाले, “मॅडम, फ्री आहेच, पण एक तास. सगळीकडे असंच असतं.”

यात्रेच्या दिवसांत सोलापुरातील खोल्यांची काय स्थिती असते, हे येथे राहणाऱ्यांना सांगायला नको. नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी आलेली मंडळी, त्यातच अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर करून परतणारे भाविक, यांमुळे त्या आठवड्यात दुसरे हॉटेल शोधून तेथे जाणे तक्रारदारांना शक्यच नव्हते. अट आवडली नाही तर ग्राहकाने दुसरीकडे जावे, हा युक्तिवाद पुढे हॉटेलच्या उत्तरात आला. परंतु अट जर भाडे भरल्यानंतर, हातात किल्ली मिळाल्यावर आणि गाव भरलेले असताना कळत असेल, तर जाण्याचे स्वातंत्र्य कागदावरच राहते.

चार दिवसांत वायफायपोटी १,१९२ रुपये आकारले गेले. खोलीचे भाडे रात्रीला २,४०० रुपये होते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या रात्रीचे भाडे इंटरनेटला गेले. बिलावर ही रक्कम ‘इतर सेवा’ या एकाच ओळीत होती. फोड मागितल्यावर कळले की लॅपटॉपचे चार दिवस, मोबाईलचे दोन दिवस आणि आणखी ‘एका मोबाईलचे’ दोन दिवस असे आठ पास धरले होते. तक्रारदारांकडे मोबाईल एकच होता. हॉटेलच्या व्यवस्थापकांना वाटले की त्या खोटे बोलत आहेत, आणि तक्रारदारांना वाटले की हॉटेलने बिल फुगवले आहे. प्रत्यक्षात दोघांचेही म्हणणे प्रामाणिक होते.

हा घोळ कसा झाला, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण अशी दुहेरी आकारणी इतरत्रही होत असणार. प्रत्येक वायफाय उपकरणाला ओळखण्यासाठी मॅक पत्ता नावाचा एक क्रमांक असतो आणि हॉटेलांतील बहुतेक यंत्रणा त्यावरूनच उपकरणे मोजतात. माणसाच्या हालचालींचा माग काढता येऊ नये म्हणून २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून मोबाईल आपला खरा मॅक पत्ता लपवून प्रत्येक वायफायच्या नावासाठी वेगळा, बनावट पत्ता दाखवतात. या हॉटेलात प्रत्येक मजल्याच्या वायफायला वेगळे नाव दिलेले होते. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरील खोलीत जोडलेला मोबाईल तळमजल्यावर, वेगळ्या नावाच्या वायफायला जोडल्यावर यंत्रणेला तो नवा मोबाईल वाटला आणि तिने नव्याने पैसे मागितले. नाश्ता करताना घाईत पासचे बटण दाबणाऱ्या ग्राहकाला हे उमगणे शक्य नाही. यात कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता, पण उपकरणावर पैसे लावायचे असतील तर उपकरण नीट मोजता येते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्याचीच आहे.

मोफत तासाचेही असेच आहे. यंत्रणेने प्रत्येक उपकरणाला माहिती उतरवून घेण्यासाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि वर चढवण्यासाठी १ मेगाबिट अशी मर्यादा घातली होती. तक्रारदारांना दुसऱ्या रात्री सुमारे ६०० मेगाबाइटची रेखाटने कारखान्याला पाठवायची होती. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट, त्यामुळे सेकंदाला १ मेगाबिटच्या वेगाने, मध्ये काहीही अडथळा आला नाही तरी, त्याला ऐंशी मिनिटे लागतात. मोफत वेळ साठ मिनिटांनी संपतो, जोडणी तुटते, आणि त्यांनी वापरलेल्या सेवेत अर्धवट चढलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून चढवावी लागते. वेग आणि वेळ या दोन्ही मर्यादा सुट्या पाहिल्या तर वाजवी वाटतात, पण एकत्र लावल्या की मोफत सेवेत एखादे गंभीर काम पुरे होऊच शकत नाही.

तक्रारीचा सर्वांत गंभीर भाग यापुढचा होता. वायफायला कंटाळून तक्रारदारांनी आपल्या मोबाईलचा हॉटस्पॉट सुरू करून त्यावर लॅपटॉप जोडण्याचा प्रयत्न केला. खोलीत तो वारंवार तुटत राहिला. नमुने दाखवण्याच्या दिवशी हॉलमध्येही तेच झाले. कारखान्याने ४,००० रुपयांचा दर नाकारून आपल्या माणसांचे तीन मोबाईल हॉटस्पॉट म्हणून लावले होते. ते काही मिनिटे चालत आणि मग त्यांना जोडलेली सगळी यंत्रे एकदम सुटत. मागणी नोंदवण्याचे काम शेवटी कागदावर करावे लागले. हॉलमधील कर्मचाऱ्याने सांगितले की हॉटेलात बाहेरचा हॉटस्पॉट चालत नाही, तसा नियम आहे. हा नियम लेखी दाखवा म्हटल्यावर तो कोणालाच दाखवता आला नाही.

हॉटेल मुद्दाम हॉटस्पॉट तोडते, असे तक्रारदारांनी ठामपणे लिहिले होते. असा आरोप करण्यापूर्वी साधी कारणे तपासून बाजूला काढणे आवश्यक असते, आणि ती तपासल्यावर खोलीतील आणि हॉलमधील गोष्ट वेगवेगळी निघाली.

खोली इमारतीच्या आतल्या बाजूला होती, भिंती जाड होत्या, आणि मोबाईलची रेंज पलंगाजवळ जेमतेम एक काडी तर खिडकीपाशी पुरेशी, अशी होती. त्यात हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर चालत होता. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे मार्ग (चॅनेल) व्यवहारात तीनच मिळतात, १, ६ आणि ११. हॉटेलचे स्वतःचे अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारी यंत्रे, शेजारच्या दुकानांचे आणि दवाखान्याचे राउटर असे सगळे त्या तिन्हींवर दाटीवाटीने बसलेले होते. मोबाईल खिडकीत ठेवून हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर नेल्यावर तो खोलीत विनाअडथळा चालला. म्हणजे खोलीत कोणी काही तोडत नव्हते, आणि तक्रारीचा तेवढा भाग मागे घेण्यास मी तक्रारदारांना सांगितले. त्यांनी तो घेतला.

हॉलमध्ये मात्र ही स्पष्टीकरणे लागू पडत नव्हती. रस्त्याकडेच्या मोठ्या खिडक्यांमुळे तेथे मोबाईलची रेंज उत्तम होती. पट्टा बदलून, मार्ग बदलून पाहिले तरी हॉटस्पॉट तुटतच होता. निर्णायक ठरली ती कारखान्यातील संगणक पाहणाऱ्या तरुणाने त्याच दिवशी केलेली एक चाचणी. त्याने तोच मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला, आणि इंटरनेट दुपारभर एकदाही न तुटता चालले. मोबाईल कंपनीची जोडणी ठीक, मोबाईल ठीक, लॅपटॉप ठीक, आणि तुटते ते केवळ हवेतले वायफाय. मग त्याने लॅपटॉपवर हवेतील वायफाय संदेशांची नोंद घेतली. त्यात त्यांच्याच हॉटस्पॉटच्या नावाने, पण हॉटस्पॉटने न पाठवलेले, ‘जोडणी सोडा’ अशा आज्ञेचे संदेश सतत येताना दिसले.

वायफायच्या मूळ रचनेत हा एक जुना कच्चा दुवा आहे. उपकरणाला जोडणी सोडण्यास सांगणारा संदेश खरोखर त्याच्याच राउटरकडून आला आहे का, हे तपासण्याची सोय सुरुवातीला ठेवलेली नव्हती, त्यामुळे जवळचे कोणतेही यंत्र दुसऱ्याच्या नावाने असा संदेश पाठवू शकते. यावरचा उपाय २००९ मध्ये ८०२.११डब्ल्यू या मानकाने आला आणि २०१८ च्या डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीत तो सक्तीचा झाला, पण अनेक मोबाईलचे हॉटस्पॉट अजून जुन्या पद्धतीनेच सुरू होतात. मोठ्या कार्यालयांसाठी बनवलेल्या वायफाय यंत्रणांत या दुव्याचा वापर संरक्षणासाठी करण्याची सोय असते. कोणी हॉटेलच्याच नावाचे नकली वायफाय लावून पाहुण्यांचे पासवर्ड चोरू लागला, तर त्याला जोडलेली उपकरणे सोडवता यावीत, हा त्या सोयीचा रास्त हेतू आहे. या हॉटेलच्या नियंत्रण यंत्रणेत तंत्रज्ञाने आमच्यासमोर तपासले तेव्हा ती सोय तळमजल्याच्या गटापुरती सुरू होती, आणि तिचे लक्ष्य नकली नावाच्या वायफायपुरते मर्यादित न ठेवता ‘सर्व अनोळखी नेटवर्क’ असे ठेवलेले होते. वरच्या मजल्यांवर ती बंद होती. ज्या एका जागेसाठी दिवसाला ४,००० रुपयांचा दर लावलेला होता, नेमक्या त्याच जागी ती सुरू असणे हा योगायोग मानायला माझे मन तयार नाही.

हॉटेलमालकांची बाजू मी दोनदा ऐकली आणि तिच्यात तथ्य आहे. त्यांच्याकडे चाळीस खोल्या आणि १०० मेगाबिटची एक व्यावसायिक जोडणी आहे. उत्तम प्रतीच्या चित्रफितीला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट लागतात, म्हणजे संध्याकाळी वीस खोल्यांत एकेक पडदा सुरू झाला की संपूर्ण जोडणी भरते. “एका पाहुण्यानं रात्रभर सिनेमे उतरवले तर बाकीच्या सगळ्यांची तक्रार माझ्याकडंच येते,” असे ते म्हणाले, आणि वेगावर मर्यादा घालण्यासाठी हे कारण पूर्ण समर्थनीय आहे. ओटीपीबद्दल अनेक पाहुणे चिडतात, पण ती हॉटेलची लहर नाही. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी नवी मुंबईतील एका असुरक्षित वायफायचा वापर करून ई-मेल पाठवला होता, आणि त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक ठिकाणच्या वायफायवर वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याच्या सूचना दिल्या. उद्या हॉटेलच्या जोडणीवरून कोणी गुन्हा केला तर पोलीस पहिल्यांदा हॉटेलच्या दारात येतील, ही भीती खरी आहे.

मालकांना ठाऊक नव्हते ते वेगळेच. वायफायची सारी यंत्रणा एका कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने बसवून दिली होती आणि मोबदल्यात पासच्या विक्रीतील मोठा वाटा तो घेत होता. मोफत तास, उपकरणामागे आकार, हॉलचा दर आणि नेटवर्क रोखण्याची ती सोय या सगळ्या गोष्टी त्यानेच ठरवल्या होत्या. पाहुण्याने स्वतःचा हॉटस्पॉट वापरला तर कंत्राटदाराचे उत्पन्न बुडत होते, हॉटेलचे फारसे नाही. मला मालकांचे अज्ञान खरे वाटते. पण पाहुण्याचा करार हॉटेलशी झालेला असतो, कंत्राटदाराशी नव्हे, आणि आपल्या छपराखाली आपल्या नावाने काय विकले जाते याचे उत्तर हॉटेललाच द्यावे लागते.

अशा प्रकरणाचा सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकेतील आहे. नॅशव्हिलमधील गेलॉर्ड ओप्रीलँड या हॉटेलात परिषदेच्या जागेत पाहुण्यांचे हॉटस्पॉट तोडले जात असल्याची तक्रार मार्च २०१३ मध्ये तेथील संघीय दळणवळण आयोगाकडे आली. हे हॉटेल चालवणारी मॅरियट कंपनी त्याच वेळी परिषदेला आलेल्या लोकांकडून आणि प्रदर्शकांकडून उपकरणामागे २५० ते १,००० डॉलर घेत होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने ६ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. पाहुण्यांना नकली हॉटस्पॉटपासून वाचवण्यासाठी ही सोय वापरली, हा कंपनीचा बचाव होता. हॉटेल उद्योगाने अशा प्रतिबंधाला मुभा मिळावी असा अर्जही आयोगाकडे केला होता, तो २०१५ च्या सुरुवातीला मागे घेण्यात आला, आणि आयोगाने खासगी हॉटस्पॉट अडवणे बेकायदा असल्याचा जाहीर इशारा दिला. त्याच वर्षी परिषद-केंद्रांना वायफाय पुरवणाऱ्या स्मार्ट सिटी या कंपनीने अशाच कारणासाठी साडेसात लाख डॉलर भरले. सोलापूरच्या हॉटेलचा त्या रकमांशी काही संबंध नाही. पण यंत्रणेतील सोय तीच, तिचा गैरवापर तोच, आणि देण्यात आलेले कारणही तेच आहे.

अमेरिकेत परवानाधारक किंवा अधिकृत रेडिओ दळणवळणात हेतुपुरस्सर अडथळा आणण्यास मनाई करणारे थेट कलम आहे आणि आयोगाने त्याचाच आधार घेतला. आपल्याकडे या प्रकाराला लागू पडणारी तरतूद माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये सापडते. कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्या संगणकाच्या किंवा नेटवर्कच्या कामात व्यत्यय आणणे, किंवा अधिकृत व्यक्तीला त्याचा वापर नाकारला जाईल असे करणे, यासाठी भरपाई द्यावी लागते, आणि हेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो. पाहुण्याचा मोबाईल आणि त्याने उभारलेला हॉटस्पॉट हे त्याच्या मालकीचे नेटवर्क आहे. हॉटेलच्या इमारतीत आल्याने ते हॉटेलच्या ताब्यात जात नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारत सरकारने २००५ मध्येच ठरावीक शक्तीच्या मर्यादेत सर्वांसाठी परवानामुक्त केला आहे, त्यामुळे चार भिंतींच्या आतला हा पट्टा आपला, असे कोणत्याही मालकाला म्हणता येत नाही.

खोलीच्या आकारणीचा प्रश्न मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली येतो, आणि तेथे तक्रारदारांची बाजू भक्कम होती. या कायद्यातील ‘सेवेतील त्रुटी’ या संज्ञेत ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती हेतुपुरस्सर दडवणेही धरलेले आहे. ‘मोफत वायफाय’ असे छापून एक तास आणि एक उपकरण ही अट न छापणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत बसू शकते. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत किमतीचा काही भाग सुरुवातीला न दाखवता नंतर पुढे आणण्याची पद्धत फसव्या रचनांच्या यादीत नोंदवलेली आहे. हॉटेलच्या वकिलांनी येथे सेवा शुल्काचा मुद्दा काढला. बिलात सेवा शुल्क आपोआप लावू नये असे याच प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले होते, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले, आणि वायफायचा आकार त्यात मोडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते बरोबरच आहे, कारण वायफायचा पास पाहुणा बटण दाबून घेतो. पण आमची तक्रार आकार सक्तीचा असल्याची नव्हतीच. आकार आहे हे भाडे घेण्यापूर्वी सांगितले नाही, अशी ती होती.

हॉलबद्दल मी तक्रारदारांना आणि कारखान्याला वेगवेगळा सल्ला दिला. व्यापारी हेतूने सेवा घेणारी व्यक्ती या कायद्याच्या अर्थाने ग्राहक नसते. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेणाऱ्याला मात्र कायद्याच्या शब्दांत त्यातून सूट आहे, आणि एकटीने व्यवसाय करणाऱ्या तक्रारदारांच्या बाबतीतही तोच तर्क मांडता येतो. कारखान्याचे तसे नाही. सेवेचा नफा मिळवण्याच्या कामाशी जवळचा आणि थेट संबंध आहे का, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती कीर्तिलाल मेहता वैद्यकीय न्यासाच्या प्रकरणात सांगितली आहे. विक्रेत्यांना नमुने दाखवण्यासाठी घेतलेला हॉल या कसोटीवर टिकवणे अवघड आहे. म्हणजे ज्या जागी खरा अन्याय झाला, त्या जागेसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग अरुंद, आणि जेथे तुलनेने साधी चूक झाली तेथे तो मोकळा, अशी ही अडचणीची स्थिती आहे. तक्रारदारांना जिल्हा आयोगाकडे जायचे झाले असते तर पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी शुल्क लागत नाही, आणि राहत्या ठिकाणीही तक्रार करता येत असल्याने त्या पुण्यातही ती दाखल करू शकत होत्या.

तशी वेळ आली नाही. हॉटेलने प्रथम दुहेरी मोजणीचे २९८ रुपये परत देऊ केले. जतन केलेल्या पानाची प्रत, बिलाची फोड आणि वरील तरतुदींचा उल्लेख असलेली लेखी नोटीस गेल्यावर संपूर्ण १,१९२ रुपये परत मिळाले. पैशांपेक्षा मला त्यानंतरच्या बदलांचे मोल अधिक वाटते. आरक्षणाच्या पानावर आता मोफत वेळ, उपकरणांची संख्या आणि पुढील दर स्पष्ट लिहिलेले आहेत. सर्व मजल्यांच्या वायफायचे नाव एकच केले आहे. पास उपकरणाऐवजी खोलीवर दिला जातो आणि त्यावर तीन उपकरणे चालतात. वर चढवण्याचा वेग वाढवण्यास मालकांनी नकार दिला, आणि तो त्यांचा अधिकार आहे. नेटवर्क रोखण्याची सोय हॉटेलच्या नावाची नक्कल करणाऱ्या वायफायपुरती मर्यादित केल्याचे त्यांनी लेखी कळवले. नंतर हॉलमध्ये कारखान्याच्याच मोबाईलवर घेतलेल्या चाचणीत हॉटस्पॉट तुटला नाही.

कारखान्याने हॉलच्या भाड्याचा काही भाग परत मागितला आहे, त्यावर एकमत झालेले नाही. कागदावर नोंदवाव्या लागलेल्या मागणीमुळे किती व्यवहार बुडाला, हे सिद्ध करणे कठीण आहे, त्यामुळे भाड्यापलीकडची मागणी करू नये असे मी त्यांना सांगितले आहे. हॉटेल म्हणते की दोष कंत्राटदाराचा, आणि कंत्राटदार म्हणतो की यंत्रणा हॉटेलने स्वीकारली होती. पुढे जायचे ठरले तर ग्राहक आयोगापेक्षा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, कलम ४३ खाली भरपाई मागणे अधिक योग्य होईल, असे माझे मत आहे. तेथे व्यापारी हेतूचा अडसर नाही.

त्या मार्गासाठी यंत्रणेतील त्या दिवसाच्या नोंदी हाती असणे अत्यावश्यक आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस सांभाळाव्या लागतात, त्यापुढे त्या पुसल्या गेल्या तर कोणाला दोष देता येणार नाही. म्हणून ही मुदत संपण्यापूर्वीच नोंदी जतन करण्याची लेखी विनंती हॉटेलला आणि कंत्राटदाराला पाठवली. हॉटेलने पोच देऊन नोंदींची प्रत काढून ठेवली आहे. कंत्राटदाराचे उत्तर अद्याप आलेले नाही.